अस्नोड्याच्या चढावर

अस्नोड्याच्या अलीकडच्या चढावर शालिनीबाईंची गाडी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा अडीच वाजून गेले होते, आणि तो चढ अजून अर्धा उरला होता.

थांबली तीही आपल्या रीतीने, कसलाही आवाज न करता. पेट्रोलवर चालणारी गाडी बंद पडताना खोकते, हिसके देते, आपल्या दुखण्याची चार लोकांना वर्दी देते. ही विजेची गाडी नुसती मंदावत मंदावत गेली आणि मग पुढे जाईना, इतकेच. शालिनीबाईंनी हातब्रेक ओढला आणि समोरच्या काट्याकडे पाहिले. काटा तळाच्या तांबड्या पट्टीवर आडवा पडला होता.

आतला पंखा त्यांनी कोलवाळच्या पुलावरच बंद केला होता, कारण पंखा वीज खातो. भोंगा वाजवणेही टाळले होते, कारण भोंगाही वीज खातो. काचा मात्र वर चढवाव्याच लागल्या होत्या. शेजारून धावणाऱ्या खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांमागे तांबड्या धुळीचे असे लोट उठत होते की काच बोटभर उघडी राहिली तरी जिभेवर माती येई. वैशाखातल्या त्या दुपारी, दोन माणसे जेमतेम मावतील अशा त्या पेटीत, पदराने मान पुसत शालिनीबाई गाडीला विश्रांती देत बसल्या होत्या.

विश्रांती हा शब्द त्यांचाच. दोन वर्षांच्या सहवासाने त्यांना गाडीचा स्वभाव कळला होता. वीस मिनिटे उभी ठेवली की थकलेल्या बॅटऱ्यांमध्ये कुठूनशी धुगधुगी परत येई, काटा केसभर वर सरके, आणि गाडी दोनतीनशे पावले चालून पुन्हा उभी राही. असे करत करत त्यांनी थिवीपासून इथवरची वाट रेटली होती. मध्यंतरी दोन बसगाड्या गेल्या. पहिल्या बसच्या कंडक्टरने दारातून वाकून, येणार काय म्हणून विचारलेही. पण नेमका त्याच वेळी काटा हलला होता, म्हणून शालिनीबाईंनी हात हलवून नाही म्हटले. दुसऱ्या बसच्या वेळीही तसेच घडले. काटा मुळीच हलला नसता तर त्या केव्हाच बसमध्ये चढल्या असत्या. तो थोडासा हलत होता, हाच घात होता.

आणि पाच वाजता त्यांना शिरगावात असणे भाग होते.

शिरगावातल्या माहेरच्या घरात त्यांची थोरली बहीण गंगाताई राहत असे. वय एकाहत्तर, पतीला जाऊन नऊ वर्षे झालेली, आणि काचबिंदूने दोन्ही डोळ्यांतला उजेड नेलेला. तरीही ती आपल्या घरात एकटी राहत होती, आणि सुखाने राहत होती. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत अकरा पावले, तुळशीपासून झरीपर्यंत सव्वीस, झरीवर उतरायला चार पायऱ्या; हे तिचे जग तिला तोंडपाठ होते. सकाळी शेवंती नावाची शेजारीण येऊन भात-आमटी करून जाई. बाकीचा दिवस गंगाताईचा स्वतःचा असे.

तिचा मुलगा सतीश बेळगावला लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामाला होता. आईने असे एकटे राहणे त्याला मान्य नव्हते, आणि त्यात त्याचे काही चुकत होते असेही म्हणवत नाही. एकदा तो तिला महिनाभर घेऊन गेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गंगाताई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहिली, अन्न कमी झाले, बोलणे कमी झाले, आणि परत आली ती निम्मी होऊन. तेव्हा शालिनीबाईंनी भाच्याला शब्द दिला होता की दर बुधवारी त्या स्वतः येतील, औषधे पाहतील, घर पाहतील, दिवसभर बहिणीपाशी राहतील. सतीशने ते मान्य केले, पण अट घातली. बुधवारी पाच वाजता तो कारखान्यातून फोन करील, आणि फोनवर मावशीचा आवाज ऐकला तरच त्याला आठवडाभर झोप येईल. ज्या दिवशी मावशीचे येणे तुटेल, त्या दिवसापासून आई बेळगावला.

असा शब्द देण्याचे धैर्य शालिनीबाईंना आले ते या गाडीमुळे. त्या पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या. त्यांचे यजमान गोपाळराव हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. लग्न होऊन सदतीस वर्षे लोटली, गोवा घटक राज्य झाले, नद्यांवर पूल आले, फेरीबोटी बंद झाल्या, तरी कोरगावहून शिरगावला जाणे म्हणजे तीन बसगाड्या बदलणे हे काही सुटले नव्हते. त्यात गुडघ्यांनी दगा दिला. माहेरी जायचे तर कुणाची तरी सवड पाहावी लागे. मग त्यांचा मुलगा प्रशांत बंगळूरहून परदेशी जाताना आपली ही छोटी गाडी आईवडिलांपाशी ठेवून गेला. तिला क्लच नव्हता, गिअर नव्हते. साठीला टेकलेल्या शालिनीबाई मैदानात पंधरा दिवस फेऱ्या मारून ती शिकल्या, आणि पहिल्या बुधवारी एकट्या तेहतीस किलोमीटर चालवत बहिणीच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. गंगाताईने गाडीच्या अंगावरून हात फिरवला होता आणि म्हटले होते, "ही तर मांजराच्या पायांनी येते गो."

आरंभी ती गाडी एका दमात ऐंशी किलोमीटर जाई. शिरगावला जाऊन परत येता येई, आणि वाटेत म्हापशाच्या बाजारातही डोकावता येई. सहा महिन्यांनी सत्तर झाले. वर्षाने पन्नास, मग शिरगावला पोचल्यावर पाण्याच्या पंपाच्या जोडणीला तार लावून गाडीला दिवसभर वीज पाजत ठेवावी लागू लागली. पूर्ण भरायला आठ तास, आणि दिवसात तर पाचच हाताशी. पुढे तेही पुरेना. शालिनीबाईंच्या मनात कोरगावच्या घराभोवती एक वर्तुळ होते. आधी त्यात पणजी होती, मग पणजी वर्तुळाबाहेर गेली, आणि आता शिरगाव त्याच्या कडेवर येऊन ठेपले होते. बंगळूरला विचारले तर कळले की त्या जातीच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. गेल्या बुधवारी तर निघणेच झाले नाही, कारण आदल्या रात्री वादळाने वीज गेली होती आणि गाडी उपाशी राहिली होती. सतीश फोनवर रागावला नाही. तो शांतपणे म्हणाला होता, "मावशी, एक बुधवार मी सोडून देतो. दुसरा गेला तर मी गाडी घेऊन येतो."

आज सकाळी गोपाळरावांनी शेजारच्या गुरुदासची जीप ठरवू का म्हणून विचारले होते. शालिनीबाईंनी नको म्हटले. आज जीप, पुढच्या बुधवारी काय? गाडी थकली हे एकदा कबूल केले की दिलेला शब्दही थकला असे होईल, असे त्यांना वाटले होते. आता त्या चढावर त्यांना ते आपले बोलणे आठवले, आणि आठवू नये म्हणून त्यांनी पुन्हा काट्याकडे पाहिले.

तीन वाजता गाडी शंभर पावले चालली. साडेतीनला साठ. त्यानंतर काटा हलेनासा झाला, आणि आता बसही दिसेना. उतरून चालू लागावे तर शिरगाव अजून आठ किलोमीटर, आणि गुडघे आठशे पावलांचेसुद्धा धनी नव्हते. उलट फिरावे तर गाडी रस्त्याच्या कडेला सोडून द्यावी लागणार. पुढे जाता येत नव्हते, मागे जाता येत नव्हते, आणि आत बसून श्वास घेता येत नव्हता. काचेवर धुळीचा असा थर बसला होता की बाहेरचे काजूचे डोंगरही तांबडे दिसत होते. शालिनीबाईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि त्या तशाच बसून राहिल्या. त्या देवाला काही मागत नव्हत्या. मागायचे कसे, गाडी चालू दे म्हणावे की घड्याळ थांबू दे म्हणावे, तेच सुचत नव्हते.

सव्वाचारला एक रिकामा टिपर त्यांना ओलांडून पुढे गेला आणि थांबला. त्यातून एक चाळिशीचा माणूस उतरला, डोक्याला धुळीने लाल झालेला पंचा गुंडाळलेला. नाव विठ्ठल, सावंतवाडीकडचा. त्याने काचेवर टकटक केली.

"काकी, मघाशी मी भरलेलो टिपर घेऊन गेलंय तेव्हा तुम्ही त्या वळणावर होतात. आता ह्या वळणावर आसात. ह्या चालीन गावाक पोचासर पावस लागात."

शालिनीबाईंना हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले, म्हणून त्यांनी ते पदराने धूळ पुसल्यासारखे पुसले. त्यांनी काच खाली केली आणि कुठे जायचे ते सांगितले. विठ्ठल शिरगावच्या खाणीवरच परत चालला होता. पण गाडी अशी बंद का पडावी, हे पाहिल्याशिवाय त्याच्याने राहवेना. आसनाखाली बॅटऱ्या आहेत हे कळल्यावर त्याने आसन उचलले, एक झाकण फिरवून काढले आणि आत वाकून पाहिले. मग दुसरे काढले. मग उरलेलीही एकेक करून काढली.

"ह्यात पाणी खंयचा घालतात तुम्ही?" त्याने विचारले.

शालिनीबाईंनी सांगितले. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत बॅटरीचे पाणी बाजारातून बाटलीने आणावे असे लिहिले होते खरे. पण ती बाटली कोण कुठे भरतो, कशात भरतो, कुणी पाहिले आहे? माहेरच्या झरीचे पाणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या अभिषेकाचे पाणी. गंगाताईनेच म्हटले होते की शालूच्या गाडीला आपल्या झरीचेच पाणी घालायचे. दर बुधवारी परतताना ती कॅन भरून देई, आणि दर सोमवारी गोपाळराव स्नान करून, सोवळ्याने, पूजेच्या पळीने एकेका झाकणात ते पाणी घालत. दोन वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता.

विठ्ठलने सारे ऐकून घेतले. त्याने झाकणाच्या आतून बोट फिरवले आणि बोटावरचा डाग शालिनीबाईंसमोर धरला. डाग तांबडा होता, रस्त्यावरच्या मातीसारखाच.

"काकी, त्या डोंगरात सगळा लोखंड. पाण्यात ता उतरतलाच. आमच्या टिपराक सुद्धा आम्ही बाटलीतलाच पाणी घालतव." मग त्याने आवाज खाली आणला. "झरीचा पाणी माणसाक बरा, देवाक बरा. बॅटरीक ता विख."

शालिनीबाईंनी त्या डागाकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे झरीच्या चार पायऱ्या आल्या, आणि त्या पायऱ्या पायाने चाचपत, कॅन घेऊन खाली उतरणारी आंधळी बहीण आली. ज्या वाटेने त्या बहिणीकडे यायच्या, ती वाट दर आठवड्याला थोडी थोडी बहिणीनेच बुजवली होती, आणि त्यांनी व गोपाळरावांनी तिला हातभार लावला होता. कुणाच्याही मनात मायेवाचून दुसरे काही नव्हते.

"बरी होईल?" त्यांनी विचारले.

विठ्ठलने नकारार्थी मान हलवली. मग त्याने गाडीचा हातब्रेक सोडून ती एका खांद्याने रेटत काजूच्या सावलीत नेऊन ठेवली. टिपरची पायरी शालिनीबाईंच्या कमरेइतकी उंच होती. त्याने एक दगड आणून लावला, खाली बघून खांदा पुढे केला, आणि त्या खांद्यावर हात टेकून, दुखरा गुडघा आधी की बरा आधी याचा विचार करत, शालिनीबाई वर चढल्या. उंचावरच्या त्या आसनावरून त्यांनी एकदा मागे पाहिले. गाडी खेळण्याएवढी दिसत होती.

अस्नोड्याच्या बाजारात टिपरांची रांग लागली होती. पुढचा एक तिरका होऊन अडकला होता आणि त्याच्यामागे तीस-पस्तीस उभे होते. पावणेपाच झाले. पाच झाले. पाच वाजले तेव्हा शालिनीबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि शिरगावातल्या त्या घरात वाजणारी घंटी त्यांना इथे ऐकू येत होती. एक चढ सुटला तर रांग आली होती. विठ्ठल काहीबाही बोलून त्यांचे मन गुंतवू पाहत होता, आपल्या मुलीच्या शाळेचे, सासूच्या हट्टाचे. त्या नुसते हूं म्हणत होत्या.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी त्या बहिणीच्या अंगणात उतरल्या.

गंगाताई फोनच्या स्टुलाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. टिपरचा आवाज दाराशी थांबलेला ऐकून तिने मान वळवली होती. पावलांवरून तिने ओळखले.

"पावलीस गो शालू? बस. आधी पाणी पी."

"सतीशचा फोन?"

"येऊन गेला." गंगाताईने फोनकडे हात केला. "मी सांगितले, आली आहेस म्हणून. परसात माडाखाली गेली आहे, हाक मारली तर ऐकू जायचे नाही, असे म्हटले."

शालिनीबाई उभ्या होत्या त्या खालीच बसल्या. गंगाताईने साध्या आवाजात पुढचेही सांगून टाकले, जणू ते तिने भिंतीला टेकून बसल्या बसल्या पक्के केले होते. पुढच्या बुधवारीही ती असेच सांगेल. कधी झरीवर गेली आहे, कधी शेवंतीकडे गेली आहे. शालूने गाडीसाठी जीव टाकू नये. आली तर आली.

शालिनीबाईंना त्यात दडलेले सारे दिसले. एकटे घर, चार ओल्या पायऱ्या, पावसाळा तोंडावर, आणि सारे ठीक आहे असे समजून बेळगावात निश्चिंत झोपलेला मुलगा. बहिणीने स्वतःची सुटका शोधली होती, पण त्या सुटकेच्या दाराला आतून कडी होती. आणि गप्प राहून ती कडी लावायची होती शालिनीबाईंना.

त्यांना काही बोलता येण्याआधी फोन पुन्हा वाजला. गंगाताईने चाचपून त्यांच्या पदराचे टोक पकडले. शालिनीबाईंनी रिसीव्हर उचलला.

सतीशच होता. त्याला आईच्या डोळ्यांतल्या थेंबांची बाटली संपली का ते विचारायचे राहिले होते. मावशी परसातून आली, बरे झाले, असे तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा सूर होता.

पदर अजून गंगाताईच्या मुठीत होता.

"सतीश," शालिनीबाई म्हणाल्या, "मी आत्ता आले बाबा. पाच वाजता मी इथे नव्हते. गाडी अस्नोड्याच्या चढावर बंद पडली, टिपरात बसून आले. ती गाडी आता इथवर पुन्हा यायची नाही."

सतीशने कारखान्याच्या घरघरीवर आवाज चढवून विचारले,

"म्हणजे आई माझ्याशी खोटे बोलली?"

"बोलली. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, पण तिला खोटे बोललेले मी आजवर ऐकले नव्हते. तिला इथे राहायचे किती आहे, ते तू यावरून समज."

सतीशने आईकडे फोन द्यायला सांगितला. शालिनीबाईंनी रिसीव्हर बहिणीच्या हाती ठेवला, तेव्हाच तिने पदर सोडला. गंगाताई बराच वेळ ऐकत होती. मध्ये एकदा हूं म्हणाली, मग पुन्हा एकदा. मग म्हणाली, "चवथीपर्यंत? बरे." आणखी काही ऐकून म्हणाली, "रविवारी ये. सकाळी नको, दुपारी ये." आणि तिने रिसीव्हर जागेवर ठेवला.

चवथ म्हणजे पावसाळ्याचे साडेतीन महिने. गणपती आले की परत आणून सोडीन, असे सतीशने म्हटले होते, आणि म्हणताना त्याला ते खरेही वाटले असेल. शालिनीबाईंना माहीत होते की गणपतीनंतर नवरात्र येते, नवरात्रानंतर दिवाळी येते, आणि बंद राहिलेल्या घराची कुलपे गंजत जातात.

"तू नाही म्हणायचे होतेस," त्या म्हणाल्या. "मी आले असते. तीन बसगाड्या बदलून आले असते."

"आली असतीस, म्हणूनच. तुझे गुडघे मला ठाऊक नाहीत काय?" गंगाताईने भिंतीवरची पाठ सरळ केली. "दर बुधवारी अकरा वाजले की मी इथे बसते. शालू आता कुठल्या चढावर असेल, काटा किती असेल, हेच डोक्यात. तू दारात आलीस की मग मी जेवते. खोटे मी आज एकदा बोलले, तेवढे पुरे. पण तुझ्यासाठी असे भिऊन बसणे मला आता झेपत नाही गो." मग तिने विचारले, "गाडीला झाले तरी काय?"

"म्हातारी झाली," शालिनीबाई म्हणाल्या. ते अर्धे खरे होते, आणि उरलेले अर्धे त्यांनी आपल्यापाशीच ठेवले.

मग त्यांनी कोरगावला फोन लावून गोपाळरावांना सांगितले की रविवारपर्यंत त्या इथेच राहतील. गोपाळरावांनी गाडीचे विचारले. ते आल्यावर बोलू, असे त्या म्हणाल्या. बाहेर उन्हे माडांच्या शेंड्यांवर गेली होती. गंगाताईने आपले दोन्ही हात पुढे केले, बोटे पसरली.

"नखे वाढली आहेत. त्या परक्या घरात ब्लेड कुणाकडे मागू? दिवे लागायच्या आधी कापून टाक."

शालिनीबाईंनी खिडकीतले ब्लेड आणले, बहिणीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. उजेड कमी होत होता. त्या वाकून, सावकाश, एकेक नख कापत गेल्या.